एकांची माळ आणि कापरेकर मास्तर

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलात, कात्रजचा घाट उतरलात आणि खेड-शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ ही ठिकाणे मागे टाकलीत की भोर तालुक्यातले किकवी लागते. त्यापुढे सारोळे, मग नीरेचा पूल आणि पलीकडे शिरवळ. समजा, किकवीच्या थांब्यापाशी गाडी थांबली आणि सहज तुमची नजर ड्रायव्हरसमोरच्या मीटरवर गेली. मीटर दाखवतो आहे १,११,१११ किलोमीटर. गाडीत मुले असतील तर ती ओरडतील, "सगळे एकच एक!" मोठी माणसे हसतील. तेवढ्यात गाडी सुटेल, शेवटच्या एकाचे दोन होतील आणि गंमत संपेल.

ज्यांच्यासाठी ही गंमत तेथे संपली नाही, अशा काही माणसांची हकीकत या लेखात सांगायची आहे. एकापुढे एक, त्यापुढे एक असे एक मांडीत गेले तर तयार होणाऱ्या प्रचंड संख्येच्या पोटात काय दडलेले असते, हा प्रश्न त्यांना सोडीना. त्यांत राजाश्रय लाभलेले पंडित होते, मोठमोठ्या विद्यापीठांतील प्राध्यापक होते, आणि आपल्या महाराष्ट्रातील एक साधे शाळामास्तरही होते. या मास्तरांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांच्याविषयी लिहिण्याआधी त्या संख्येची थोडी ओळख करून घेऊ. हाताशी कागद-पेन्सिल असू द्या. गणिताची भीती मात्र बाजूला ठेवा. गुणाकार-भागाकारापलीकडचे येथे काही लागणार नाही.

संख्येची फोड

शाळेच्या मैदानावर १२ मुले कवायतीला उभी करायची तर ३ ओळींत चार-चार अशी उभी करता येतात. १३ मुले आली तर मात्र सारख्या ओळी जमत नाहीत. एक तर सगळी एकाच ओळीत, नाही तर एकामागे एक. १३ सारख्या ज्या संख्येची अशी वाटणी होत नाही तिला आपण मूळ संख्या म्हणतो. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या होत. बाकीची प्रत्येक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते, आणि क्रम सोडला तर ती एकाच रीतीने बनते. १२ म्हणजे २ × २ × ३. दुसरी रीत नाही. भिंत पाडून पाहिली की विटा कळतात, तशी संख्येची फोड केली की तिचे मूळ अवयव कळतात.

आता मीटरवरची संख्या घ्या. सहा एक आहेत. त्यांचे तीन-तीनांचे दोन गट पाडले तर १,११,१११ म्हणजे १११ × १००१. त्यांतील १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. म्हणजे १,११,१११ ची पुरी फोड ३ × ७ × ११ × १३ × ३७ अशी झाली. वरून सारखीच दिसणारी एकांची रांग, पण आत पाच वेगवेगळ्या मूळ संख्या नांदत आहेत.

एकांची संख्या बदलली की घरातील मंडळीही बदलतात. ११ ही स्वतःच मूळ संख्या. १११ म्हणजे ३ × ३७. ११११ म्हणजे ११ × १०१. पाच एकांची संख्या ४१ × २७१, आणि सात एकांची २३९ × ४६४९. आठ एकांची फोड ११ × ७३ × १०१ × १३७ अशी होते. नऊ एकांची ३ × ३ × ३७ × ३,३३,६६७ अशी होते. अकरा एकांची संख्या २१,६४९ × ५,१३,२३९ आहे. यांत काही शिस्त आहे की नुसता बाजार? या प्रश्नापाशीच आपली हकीकत सुरू होते.

राष्ट्रकूटांच्या काळातील माळ

इसवी सनाच्या नवव्या शतकात दख्खनवर राष्ट्रकूट घराण्याचे राज्य होते. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्या अमलाखाली होता आणि राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड. अमोघवर्ष नृपतुंग या विद्याप्रेमी राजाच्या कारकिर्दीत, सुमारे ८५० साली, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील गुणाकाराच्या प्रकरणातील काही उदाहरणे विद्यार्थ्यांना मुद्दाम आश्चर्यचकित करण्यासाठीच घातलेली दिसतात.

एक उदाहरण असे : १,२३,४५,६७९ ला ९ ने गुणा. उत्तर येते ११,११,११,१११, म्हणजे नऊ एक. दुसरे : १,५२,२०७ ला ७३ ने गुणा. उत्तर १,११,११,१११, आठ एक. तिसरे त्याहून सुंदर आहे : २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणा. उत्तर १२,३४,५६,५४,३२१. एकापासून सहापर्यंत चढत जायचे आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा एकापर्यंत उतरायचे. अशा उत्तरांना महावीराचार्यांनी गळ्यातल्या अलंकाराची उपमा दिली आहे. माळ कोठूनही धरा, दोन्ही बाजूंनी सारखीच.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ४४१ म्हणजे २१ × २१. दुसरी संख्या २,७९,९४,६८१ म्हणजे ५२९१ × ५२९१. आणि २१ ला ५२९१ ने गुणले की येतात १,११,१११! म्हणजे महावीराचार्यांची माळ म्हणजे किकवीच्या मीटरवरील संख्येचा वर्ग. हा गुणाकार मुलांपुढे ठेवण्याआधी त्याचे अवयव कोणी तरी शोधलेले असणार. उत्तराची माळ हातात धरून मागे-मागे गेल्याशिवाय ४४१ आणि २,७९,९४,६८१ या संख्या सुचत नाहीत. आठ एकांना ७३ ने भाग जातो, हेही असेच शोधावे लागते.

अंकांचा प्रवास

याच नवव्या शतकात बगदादमध्ये मुहंमद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर ग्रंथ लिहीत होते. त्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरामुळे त्यांचे नावच पुढे ‘अल्गोरिदम’ या शब्दात कायमचे राहिले. अंक भारतातून निघाले, बगदाद-दमास्कसमार्गे पश्चिमेकडे गेले, आणि प्रत्येक मुक्कामी त्यांच्यात काही भर पडत गेली.

संख्येच्या अवयवांच्या शास्त्रातही अशी भर पडली. मूळ संख्या अनंत आहेत हे ग्रीक पंडित युक्लिडने इसवी सनापूर्वी सुमारे ३०० साली दाखवले होते. पुढे इराणमधील कमालुद्दीन अल्-फारिसी यांनी चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘मित्रसंख्यां’वर एक प्रबंध लिहिला. एका संख्येच्या भाजकांची बेरीज दुसरी संख्या देते आणि दुसरीच्या भाजकांची बेरीज पहिली, अशी जोडी म्हणजे मित्रसंख्या. २२० आणि २८४ ही त्यांतील सर्वांत लहान जोडी. (भाजक मोजताना ती संख्या स्वतः धरायची नाही.) भाजक बिनचूक मोजायचे तर आधी संख्येची मूळ अवयवांत फोड केली पाहिजे. म्हणून अल्-फारिसींनी प्रबंधाच्या आरंभीच हे सिद्ध केले, की प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांत फोडता येते. १७,२९६ आणि १८,४१६ ही मोठी जोडी त्यांच्या प्रबंधात आहे. पुढे १४२७ साली समरकंदच्या जमशीद अल्-काशी यांनी ‘मिफ्ताह अल्-हिसाब’ या ग्रंथात दशांश अपूर्णांकांचा हिशेब पद्धतशीर मांडला.

दशांश आले आणि एकांच्या माळेला एक उपयोग सापडला. १ ला ७ ने भागा : ०.१४२८५७१४२८५७… सहा अंकांचे आवर्तन पुन्हा पुन्हा येते. सहाच का? कारण ७ × १,४२,८५७ म्हणजे ९,९९,९९९, आणि ते म्हणजे ९ × १,११,१११. सहा एकांच्या संख्येला ७ ने भाग जातो, त्याहून लहान एकांच्या कोणत्याही संख्येला जात नाही. म्हणून आवर्तन सहा अंकांचे. ३७ चे आवर्तन तीन अंकांचे, ४१ चे पाच अंकांचे, महावीराचार्यांच्या ७३ चे आठ अंकांचे. एकांच्या संख्यांची फोड माहीत असली की भागाकार न करताच आवर्तनाची लांबी सांगता येते. अठराव्या शतकात लॅम्बर्ट, बेर्नुली आणि पुढे १८०१ साली गाउस या युरोपातील गणितज्ञांनी दशांशाच्या आवर्तनांचा अभ्यास केला. गंमत म्हणून सुरू झालेली गोष्ट तोवर शास्त्र बनली होती.

देवळालीचे मास्तर

आता आपल्या मास्तरांकडे वळू. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. त्यातील आकडेमोडीमुळे मुलाला लहानपणीच अंकांची गोडी लागली. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली. शाळा ठाण्यात झाली आणि कॉलेजचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक कापरेकरांना १९२७ साली मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून नाशिकजवळ देवळालीला ते शाळाशिक्षक झाले आणि १९६२ साली तेथूनच निवृत्त झाले.

त्यांना जगात ओळखतात ते ६१७४ या संख्येमुळे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेथून हलत नाही. मास्तरांचे जन्मसाल १९०५ घेऊन पाहा : ९५१० − ०१५९ = ९३५१; मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. ही गोष्ट त्यांनी १९४९ साली लोकांपुढे मांडली.

पण त्याआधी दहा-अकरा वर्षे ते एकांच्या माळेच्या मागे लागले होते. त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेमलो नावाचे स्टेशन होते. तेथे त्यांना एक कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. फलाटावर गाडीची वाट पाहत तुम्ही-आम्हीही उभे राहतो. मास्तरांनी तो वेळ कशात घालवला ते पाहा.

२३ ला ११११ ने गुणा. उत्तर २५,५५३. त्याचे तीन भाग पडतात : डावीकडे २, उजवीकडे ३ आणि मध्ये ५५५. दोन टोकांची बेरीज २ + ३ = ५, आणि मध्ये त्याच ५ ची रांग. १५ ला १११ ने गुणा : १६६५. टोके १ आणि ५, मध्ये ६६. ज्या संख्येच्या दोन टोकांची बेरीज मधल्या भागात पुन्हा पुन्हा उमटते, ती डेमलो संख्या. महावीराचार्यांच्या माळाही या घराण्यातल्याच : १२३२१ चे भाग १२, ३, २१ असे पाडा; १२ + २१ = ३३. १२३४३२१ चे भाग १२३, ४, ३२१, बेरीज ४४४. यांना मास्तर ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हणत. १९३८ साली त्यांचे यावरील लेख प्रसिद्ध झाले. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत त्यांनी डेमलो संख्यांची उपपत्ती मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडली.

या घराण्यातील सर्वांत देखणी संख्या नऊ एकांच्या वर्गाची : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग. तिची फोड करायला संगणक नको. नऊ एकांची फोड आपण वर पाहिलीच आहे, तीच दोनदा लिहायची. म्हणजे ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३,३३,६६७ दोनदा. सतरा अंकी संख्येचे सारे गुपित एका ओळीत मावले. दहा एकांचा वर्ग केला की मात्र हातचे येऊ लागतात आणि माळ तुटते : १,२३,४५,६७,९००,९८,७६,५४,३२१ असे काहीसे, मधले आठ गायब. अंकांची बेरीज १०० यायला हवी ती ८२ येते. दोन वेळा हातचा आला, प्रत्येक हातच्याने बेरजेतले ९ खाल्ले. मुलांना हातचा शिकवताना हे उदाहरण घालून पाहावे. हातचा म्हणजे काय ते त्यांच्या चांगले ध्यानात राहील.

खेळ की शास्त्र?

कापरेकरांचे लेख गणिताच्या नियतकालिकांत येत, पण बरीच पुस्तके त्यांनी स्वतःच देवळालीहून छापली. ‘डेमलो संख्या’वरील पुस्तक १९४८ चे, आवर्ती दशांशांवरील १९५० चे. आपल्याकडील काही गणिती मंडळींना हे सारे पोरखेळासारखे वाटले. अंक उलटेसुलटे करणे म्हणजे काय गणित झाले, असा त्यांचा सूर होता. निवृत्तीनंतर मास्तरांना पेन्शन पुरेना, म्हणून ते शिकवण्या घेत. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्या कामावर लिहिले आणि मग सगळीकडे त्यांचे नाव झाले. तेव्हा मास्तरांनी वयाची सत्तरी गाठली होती. ४ जुलै १९८६ रोजी ते वारले.

पोरखेळ होता का तो? याचे उत्तर त्यांच्या पश्चात चौदा वर्षांनी मिळाले, आणि ते एकांच्या माळेतूनच मिळाले. नीट लक्ष द्या, कारण या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

मास्तरांनी आणखी एक प्रकारच्या संख्या शोधल्या होत्या. त्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५; २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५; ३० + २५ = ५५. २९७ चा वर्ग ८८,२०९; ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९; ४९४ + २०९ = ७०३. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळची संख्या परत येते. हा योगायोग आहे, असे कोणालाही वाटेल.

पण बघा : ४५ + ५५ = १००, आणि २९७ + ७०३ = १०००. या जोड्या का पडतात? २००० साली डग्लस इयानुची या गणितज्ञाने याचे संपूर्ण उत्तर दिले. ९९९ घ्या, ते म्हणजे ९ × १११. त्याची फोड ३ × ३ × ३ × ३७, म्हणजे २७ × ३७. या दोन भागांत सामाईक काही नाही. आता अशी संख्या शोधा जिला २७ ने पूर्ण भाग जातो आणि ३७ ने भागले तर बाकी १ उरते. ती संख्या २९७. उलट ३७ ने पूर्ण भाग जाणारी आणि २७ ने भागल्यास १ बाकी उरणारी संख्या ७०३. तसेच ९९ म्हणजे ९ × ११. त्यातून ४५ आणि ५५ निघतात. ९९९९ म्हणजे ९ × ११ × १०१. येथे तीन वेगळे भाग असल्यामुळे २२२३ व ७७७७, २७२८ व ७२७२, ४९५० व ५०५० अशा जोड्या निघतात. ७७७७ चा वर्ग ६,०४,८१,७२९. ६०४८ आणि १७२९ ची बेरीज ७७७७. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या येथे अवचित भेटते.

म्हणजे एकांच्या माळेची मूळ अवयवांत फोड केली, की त्या फोडीतून कापरेकर संख्या नेमक्या किती आणि कोणत्या, हे सांगता येते. एकही सुटत नाही, एकही जास्त येत नाही. मास्तरांनी ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या खेळांसारख्या मांडल्या होत्या, त्या खाली एकाच मुळाने जोडलेल्या होत्या. अंकांशी खेळणाऱ्या माणसाचा हात नेमका संख्यांच्या मुळापर्यंत पोहोचला होता.

परार्धाच्या पलीकडे

आपल्याकडे एकं, दहं, शतं, सहस्र अशी स्थाने म्हणत जाण्याची रीत आहे. कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य असे करीत शेवटी येते परार्ध. ते अठरावे स्थान. वरची सतरा अंकी माळ मध्य या स्थानापासून सुरू होते, म्हणजे परार्धाच्या अलीकडे एक पायरी. आता विचारा : ११ ही मूळ संख्या आहे, एकांची आणखी कोणती संख्या मूळ आहे?

एकांची संख्या मूळ असायची तर त्यांतील एक किती आहेत हा आकडाही मूळच असावा लागतो. सहा एकांचे तीन-तीनांचे गट पडले, म्हणून ती फुटली. नऊ, दहा, बारा एकांचेही तसेच. पण उलटे खरे नाही. ३, ५, ७, ११, १३, १७ हे आकडे मूळ असूनही तितक्या एकांच्या संख्या फुटतात. तेरा एकांना ५३ ने भाग जातो. सतरा एकांची फोड २०,७१,७२३ × ५,३६,३२,२२,३५७ आहे. मग येतात एकोणीस एक. परार्धापर्यंत म्हणून संपले आणि आणखी एक एक मांडला, की ही संख्या होते. आपल्या परंपरेतील स्थानांची नावे जेथे संपतात, त्याच्या पुढच्याच पायरीवर ती उभी आहे. आणि ती मूळ आहे. ऑस्कर होप्पे यांनी १९१८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ते सिद्ध केले.

हे काम किती कष्टाचे? साधा मार्ग म्हणजे जवळजवळ १०५ कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे. एक सवलत आहे : एकांचा आकडा तीनहून मोठी मूळ संख्या असेल, तर त्या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवातून १ वजा केल्यास उरलेल्याला त्या आकड्याच्या दुपटीने भाग जातो. सात एकांचे अवयव २३९ आणि ४६४९. २३८ आणि ४६४८ दोघांनाही १४ ने भाग जातो. पडताळून पाहा. तरीही एकोणीस एकांना हाताने तपासणे म्हणजे आयुष्य खर्ची घालणे. म्हणून भागून न पाहता मूळपणा सिद्ध करण्याच्या युक्त्या शोधाव्या लागल्या.

तेवीस एकांची संख्या मूळ असल्याचे १९२० च्या दशकाच्या अखेरीस लेहमर आणि क्राइचिक यांनी दाखवले. त्यानंतर थेट ३१७ एक. ती संख्या मूळ असल्याचे १९७८ च्या सुमारास ह्यू विल्यम्स यांनी सिद्ध केले. १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचा विल्यम्स आणि हार्वे डब्नर यांचा पुरावा छापून आला तो १९८६ साली. त्याच साली मास्तर गेले. ४९,०८१ एकांची संख्या २०२२ मध्ये आणि ८६,४५३ एकांची २०२३ मध्ये मूळ ठरली. या संख्या कागदावर लिहायच्या तर एक पुस्तकच होईल, आणि त्यात एकाशिवाय दुसरा अंक नसेल. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कोठे तरी संपतात, हे अजून कोणी सिद्ध करू शकलेले नाही.

यात भारताचाही मोठा वाटा आहे. २००२ साली कानपूरच्या आय.आय.टी.मधील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि वाजवी वेळात ठरवण्याची रीत शोधली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. मात्र संख्या मूळ नाही एवढे कळणे वेगळे आणि तिचे अवयव सापडणे वेगळे. दुसरे काम आजही कठीण आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी याच अडचणीचा उपयोग करून गुप्तलेखनाची रीत बसवली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड करायचा. त्या दोन संख्या ठाऊक असतील त्यालाच कुलूप उघडते. २०२० साली २५० अंकी अशी एक संख्या फोडण्यात आली, त्यासाठी अनेक संगणक एकत्र कामाला लावावे लागले. संगणकावरून जाणारे व्यवहार सुरक्षित ठेवण्यात आज या रीतीचा मोठा वाटा आहे. मूळ अवयवांचा प्रश्न असा महावीराचार्यांच्या पोथीतून निघून आपल्या खिशापर्यंत आला आहे.

शिक्षकांना आणि पालकांना

वाचकहो, ही हकीकत स्मरणिकेत देण्याचे कारण सांगतो. कापरेकरांना मोठी प्रयोगशाळा नव्हती, मोठे ग्रंथालय नव्हते, पदव्युत्तर पदवी नव्हती. खडू, फळा आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ एवढेच भांडवल होते. देवळाली हे विद्यापीठाचे गाव नव्हते. किकवी, नसरापूर, भोर हीही नाहीत. पण किकवीच्या शाळेतील मुलाला १,११,१११ चे अवयव काढायला जे लागते, तेच नेमके मास्तरांपाशीही होते.

पुष्कळदा असे होते, की मूल वहीच्या मागच्या पानावर अंकांशी काही तरी खेळत बसते आणि आपण त्याला दटावतो, "आधी धड्याखालची गणिते सोडव." धड्याखालची गणिते सुटायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण मागच्या पानावर काय चालले आहे, तेही एकदा वाकून पाहावे. कदाचित नुसत्या रेघोट्या असतील. कदाचित एखाद्या मुलीने कोणी न सांगता ३७ ला ३ ने गुणून १११ काढले असतील आणि आता ती ११११ ला कशाने भाग जातो ते शोधत असेल. तिला उत्तर सांगू नका. अकराने भागून पाहा, एवढेच सुचवा आणि शेजारी बसा.

पुढच्या वेळी साताऱ्याच्या रस्त्याने जाताना गाडीच्या मीटरवर, एस.टी.च्या तिकिटावर किंवा दुकानाच्या पावतीवर एकांची रांग दिसली, तर मुलांना ती फोडायला सांगा. तीनने भाग जातो का, अकराने जातो का, सदतीसने जातो का, एवढे पाहीपर्यंत शिरवळ येईल. उत्तर तोवर निघाले नाही तरी हरकत नाही. पुढे खंबाटकीचा घाट आहे, वेळ भरपूर आहे.